फ्लेक्सवरची सुनीता

मोराईवाडीत कुणाचं काही चांगलं झालं की आधी त्याला फ्लेक्सवर चढवतात आणि मग विचारतात, बाबा रे, तुझं नेमकं काय चांगलं झालं? पोरगं दहावी पास झालं, फ्लेक्स. दारात नवी गाडी आली, फ्लेक्स. शर्यतीच्या घाटात बैल पहिला आला तर वर बैलाचा फोटो, खाली मालकाचा आणि त्याखाली गॉगल लावलेले वीस शुभेच्छुक. चाकणच्या आसपासच्या गावांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, बटाट्याची शेतं जाऊन कंपन्यांचे पत्रे आले, पण एकमेकांचं कौतुक करायची हौस काही कमी झाली नाही. उलट तिला आता रंगीत छपाई मिळाली.

या हौसेत गावात पहिला नंबर रणजीतचा. जागांचे व्यवहार जुळवून देणं हा त्याचा धंदा, पुढच्या ग्रामपंचायतीला उभं राहायचं हा त्याचा बेत आणि जयमाला ही त्याची थोरली वहिनी. माणूस मनाचा वाईट नाही, एवढं आधीच सांगून ठेवायला हवं. वाईट असता तर जयमालाला त्याच्याशी भांडणं सोपं गेलं असतं.

गुरुवार होता. गुरुवारी या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी, म्हणून जयमालाच्या शिलाईच्या दुकानात बायकांची वर्दळ. दुकान म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला काढलेली एक खोली. दोन मशिनं, कापायचं टेबल आणि कोपऱ्यात माप घेण्यासाठी लावलेला जाड निळा पडदा. सकाळी अकराच्या सुमारास रणजीत दारात येऊन उभा राहिला. बायका असल्या की तो उंबरा ओलांडत नाही, तेवढी रीत पाळतो.

"वहिनी, आज मशीन लवकर बंद करा. पाच वाजता मारुतीच्या देवळात सत्कार हाय तुमचा. मारुतराव सोता शाल घालनार हायती. आन चार वाजता वेशीवर फ्लेक्स लागतोय, पंधरा बाय दहाचा."

"कसला फ्लेक्स, भाऊजी?"

"कसला म्हंजे? अमेरिकेची फेलोशिप मिळाली आन तुमी गपच. ती तर दादानं सकाळी मला लिंक पाठवली म्हनून कळलं. गावाच्या ग्रुपवर टाकली न्हाई अजून. फ्लेक्स लागला की त्याचाच फोटो टाकतो."

फेलोशिप खरी होती. आदल्या संध्याकाळीच फोन आला होता. फाउंडेशन मुंबईचं, पण रणजीतच्या तोंडून गेली की कुठलीही गोष्ट अमेरिकेची होते. बायकांच्या आरोग्यासाठी आणि हक्कांसाठी गावपातळीवर काम करणाऱ्या बायका पुढे याव्यात, त्यांच्यातून पुढारी तयार व्हावेत म्हणून त्या लोकांनी पैसा बाजूला काढला होता. दोन वर्षं दरमहा मानधन, शिकायला जायचा खर्च आणि गावात काम उभं करायला मदत. जयमालानं अर्जात लिहिलं होतं, मला पडद्याच्या जागी दार असलेली खोली हवी आणि माझ्यासारख्या आणखी तिघी तयार करायच्या आहेत. निवड झाली, तेव्हा आनंदाच्या भरात तिनं फाउंडेशनची लिंक नवऱ्याला पाठवली. बाळाजीनं ती भावाला पाठवली. दोघांनीही ती वाचली नाही. आपल्याकडे चांगली बातमी वाचत नाहीत, पुढे पाठवतात.

रणजीतनं मोबाइल पुढे धरला. फ्लेक्सची डिझाइन होती. एका बाजूला जयमालाचा फोटो, मागे निळा पडदा. वर मोठ्या अक्षरांत 'मोराईवाडीची वाघीण'. खाली हात जोडलेले गावचे पुढारी मारुतराव आणि शेजारी रणजीत. मधल्या पिवळ्या पट्ट्यावर आठ-दहा ओळी.

"मजकूर लिंकवरनंच उचलाय सांगितला," रणजीत म्हणाला. "आपन कुटं लिवत बसायचं?"

जयमालानं त्या ओळी वाचल्या. आपल्याच होत्या.

'माझ्या गावातली एक सून, सुनीता (नाव बदललं आहे). पहिली मुलगी सात महिन्यांची, पोटावरचे टाके अजून दुखणारे आणि पुन्हा दिवस गेले. तिच्या नणंदेच्या लग्नाचे अकरा ब्लाऊज माझ्याकडे शिवायला होते. आस्तर आणायला पिंपरीला जातो असं घरी सांगून मी तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या कारकुनानं गर्भपातासाठी नवऱ्याची सही मागितली. मी त्याला कायदा सांगितला : सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. त्या दिवशी मला कळलं, मी नेतृत्व करू शकते.'

नाव बदललं होतं, खरं आहे. पण जयमालानं गेल्या वर्षात एकाच लग्नाचे अकरा ब्लाऊज शिवले होते, अकराही मोरपंखी, आणि त्या रंगावरून गावातल्या बायका महिनाभर बोलत होत्या. लग्न मारुतरावांच्या मुलीचं. मारुतरावांना सून एकच, संस्कृती. म्हणजे ज्या मारुतरावांचा फोटो खाली हसत होता, त्यांच्याच घरातली झाकली गोष्ट त्यांच्याच डोक्यावर पिवळ्या रंगात छापली जाणार होती.

 दवाखान्यात जायचं ठरवताना संस्कृतीनं एकच वाक्य दोनदा म्हटलं होतं : "काकी, घरी कळलं तर पोरगी ठिवून घेतील आन मला घालवतील."

ते तिनं उगाच म्हटलं नव्हतं. तिची सासू कौशल्याबाई यांनी नातवासाठी देवीला नवस बोलला होता आणि मुलगी झाल्यावर बाराव्या दिवशीच 'लगेच दुसरं होऊ द्या' म्हणून सांगितलं होतं. नवरा दिग्विजय आईपुढे तोंड उघडत नसे.

"भाऊजी," जयमाला शक्य तितक्या सहज म्हणाली, "मजकूर काढा की. नुसता फोटो बरा दिसंल."

"का वो? कायतरी भारीच लिवलं असंल त्यांनी." रणजीतनं मोबाइल स्वतःकडे वळवला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. "काय हाय बघू तरी."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की नको म्हणणं म्हणजे त्याला वाचायला लावणं. आणि कारण सांगणं म्हणजे जे लपवायचं तेच सांगणं. दोन्हीकडून घोडं अडलं.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ती घाईनं म्हणाली. "चांगलंच हाय. मला आपली लाज वाटती म्हनून म्हनलं."

"लाज कसली त्यात? वाघिनीला लाज?" रणजीत हसला आणि मोबाइल खिशात टाकला. "आन आता काय व्हत न्हाई. तळवड्याला धम्मरत्नकडं प्रिंटला गेलंय बी."

तो गेला. जयमालानं बसलेल्या बायकांना सांगितलं की सुया संपल्या, दुकान बंद. दोघी कुरकुरत उठल्या. तिनं स्कूटी काढली, वेशीबाहेर जाऊन बाभळीखाली थांबली आणि पहिला फोन फाउंडेशनच्या सुप्रियाला लावला.

फोन वाजत होता तेवढ्या वेळात तिच्या मनात एकच प्रश्न फिरत होता : गावभरच्या बायकांची गुपितं आठ वर्षं पोटात ठेवणारी मी, माझ्याकडून हे झालंच कसं?

त्याचं उत्तर तिच्या स्वतःच्या पोटापासून सुरू होत होतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती या गावात आली. दुसऱ्या बाळंतपणात दवाखान्यात तिला पुढचं मूल राहू नये म्हणून तांबी बसवली आणि सांगितलं नाही. विचारणं तर दूरच. पुढे अकरा महिने अंगावरून जात राहिलं. सासू म्हणाली उष्णता, शेजारीण म्हणाली बाहेरचं काहीतरी. शेवटी एका नर्सनं तपासलं आणि म्हणाली, अगं, तांबी आहे की तुला. जयमाला त्या दिवशी रडली नाही, तिला राग आला. तो राग घेऊनच ती चिंचवडच्या एका संस्थेच्या शिबिरात जाऊन बसली. गेली होती पिशव्या शिवायचं काम मिळवायला. तिथे बाईच्या शरीराबद्दलचा कायदा आहे हे कळलं आणि ती तिथेच चिकटली.

तिची काम करायची रीत मात्र संस्थेनं शिकवलेली नव्हती. मीटिंग घेतली तर गावातली एक बाई येत नाही, सासू आधी विचारते कसली मीटिंग. पण ब्लाऊज शिवायला जाऊ नको असं कुठलीच सासू म्हणत नाही. ब्लाऊजचं माप देताना बाई दोन्ही हात वर करते, आणि हात वर केलेल्या बाईला खोटं बोलता येत नाही, असं जयमालाचं मत. कुणाची छाती-कंबर कधी बदलली यावरून दिवस गेल्याचं तिला सासूच्या आधी कळे. पण ती आपणहून विचारत नसे. टेप हळू फिरवायची आणि वाट बघायची. कधी बाई बोलायची, कधी माप देऊन निघून जायची.

संस्कृती तीन गुरुवार अशीच निघून गेली होती. चौथ्या गुरुवारी बोलली.

मग तो अर्ज आला. 'तुमच्या नेतृत्वाचा एक प्रसंग लिहा.' जयमालानं आधी संस्थेबद्दल, बायकांबद्दल लिहिलं. सुप्रियानं फोन करून सांगितलं, "ताई, संस्थेनं काय केलं ते नको, तुम्ही काय केलंत ते लिहा. समितीला तुम्ही दिसायला हव्यात." यात सुप्रियाचं काही चुकलं नव्हतं, तिला जयमाला निवडून यायला हवी होती. जयमालानं पुन्हा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं आणि प्रत्येक वेळी ती स्वतः थोडी मोठी होत गेली. शेवटच्या पानावर चौकोन होता : 'तुमची गोष्ट आम्ही प्रसिद्ध करू शकतो का?' तिला वाटलं, माझीच गोष्ट आहे, करा की. तिनं खूण केली.

"बोला, जयमालाताई," सुप्रियाचा आवाज आला. "अभिनंदनाचे फोन येतायत ना?"

"मॅडम, ते माझं पान काढा. आत्ताच्या आत्ता."

"का? काय झालं?"

"ज्या बाईबद्दल मी लिहिलंय तिला मी विचारलं नव्हतं. गावात ओळखू येईल ती."

 सुप्रिया म्हणाली, "आम्हीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं." तिचा स्वर बदलला होता. "काढायला सांगते. अर्धा तास लागेल. पण ताई, एक सांगते. संमतीशिवाय लिहिलंय, हे मला समितीला कळवावं लागेल. फेलोशिप राहीलच असं मी आत्ता नाही सांगू शकत."

समोरून कंटेनर गेला, धुळीचा लोट अंगावर आला. जयमालानं पदरानं तोंड झाकलं. दाराची खोली तिला अगदी डोळ्यापुढे दिसत होती, दाराचा रंगसुद्धा.

"काढा," ती म्हणाली.

सुट्टीचा वार असूनही महाळुंग्याच्या रस्त्यावर ट्रक तुंबलेले होते. जयमाला मधल्या फटीतून स्कूटी काढत गेली. एका ठिकाणी ट्रकवाल्यानं शिवी दिली, ती तिला लागलीसुद्धा नाही. इंद्रायणीच्या पुलावर तिनं घड्याळ बघितलं, साडेअकरा. दर वळणावर तिला कौशल्याबाई दिसत होत्या, वेशीवर मान वर करून एकेक अक्षर जुळवत वाचणाऱ्या. त्यांना वाचायला वेळ लागतो. पण 'अकरा ब्लाऊज' एवढं वाचलं तरी पुरे होतं.

धम्मरत्नचं दुकान तळवड्याच्या छोट्या कारखान्यांच्या गल्लीत होतं. पत्र्याचं शेड, आत भिंतीएवढं मशीन, शाईचा उग्र वास. जयमाला आत शिरली तेव्हा मशीन सुरू होतं आणि त्यातून तिचाच चेहरा बाहेर येत होता. कपाळ, डोळे, नाक, प्रत्येक गोष्ट घमेल्याएवढी. पिवळा पट्टा आधीच छापून खाली जमिनीवर उतरला होता. एवढ्या मोठ्या अक्षरांत तिनं स्वतःचं लिखाण कधी पाहिलं नव्हतं. 'मी तिला दवाखान्यात नेलं.' दहा पावलांवरून वाचता येत होतं.

"दादा, बंद करा," ती म्हणाली.

धम्मरत्न तिशीतला, हाताची बोटं निळी झालेला माणूस. त्यानं एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. ओळख पटायला अडचण नव्हती. त्यानं बटण दाबलं. मशीन थांबलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, एक विचारू? मजकूर मीच टाइप केला म्हणून वाचला. नवऱ्याची सही लागत नाही, हे खरंय?"

"खरंय."

"माझ्या बहिणीला परत पाठवलं होतं दवाखान्यातनं. सही आणा म्हणाले. नवरा तिचा सोडून गेलेला. कुठनं आणायची सही?" त्यानं फ्लेक्सवर हात ठेवला. "हे लागायला पाहिजे ताई. चौकाचौकात लागायला पाहिजे."

जयमालाला त्याचं पटत होतं, हीच तर पंचाईत होती. आठ वर्षं ती हेच सांगत आली होती, पडद्याआड, कुजबुजत. आता ते पंधरा फुटांवर छापून समोर होतं आणि तेच तिला फाडायचं होतं.

"कायदा लावा, दादा. हजार ठिकाणी लावा, मी मजकूर देते. पन बाई नका लावू. तिला म्हाईत न्हाई आपन तिला छापलंय."

धम्मरत्नचा चेहरा उतरला. त्याला कळलं. पण तो धंद्याचा माणूस होता. "रणजीतभाऊंची ऑर्डर आहे. त्यांनी सांगितल्याशिवाय मी फाडू नाही शकत. उद्या तेच माझ्या दुकानात येऊन उभे राहतील."

म्हणजे फोन रणजीतलाच करायला हवा होता. आणि असं कारण द्यायला हवं होतं जे ऐकून तो पुढचा प्रश्न विचारणार नाही. आजारपण सांगितलं असतं तर त्यानं सत्कार उद्यावर ढकलला असता. साधेपणा सांगितला असता तर आणखी मोठा फ्लेक्स काढला असता. जयमालानं खूप विचार केला असं नाही. एकच गोष्ट होती जिला मोराईवाडीत फ्लेक्स लागत नाही, ती म्हणजे हार.

"भाऊजी, फ्लेक्स थांबवा. मला न्हाई मिळाली ती फेलोशिप."

"काय?"

"त्यांची चूक झाली. दुसऱ्या बाईचं नाव व्हतं. आत्ता फोन आला त्यांचा."

"आवो पन लिंक हाय की माझ्याकडं. फोटो हाय तुमचा."

"पान काढलं त्यांनी. उघडून बघा."

हे बोलून गेल्यावर तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. बारा वाजायला दहा मिनिटं. सुप्रियानं अर्धा तास सांगितला होता. त्यानंतर किती वेळ झाला ते तिला नीट आठवेना. पान गेलं नसेल तर आपणच त्याला उघडायला लावलं, आणि आता तो वाचेल, पहिल्या ओळीपासून. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. धम्मरत्न हातातला कटर तसाच धरून उभा होता.

"न्हाई उघडत," रणजीत म्हणाला. "कायतरी इंग्लिशमधी येतंय, सापडत न्हाई म्हनून."

जयमाला खाली बसली. तिथेच, फ्लेक्सच्या कडेला, जमिनीवर.

"वहिनी, पन्नास मानसांना फोन केलेत मी. मारुतरावांना काय सांगू? शाल आनली त्यांनी."

"सांगा, वहिनीला न्हाई जमलं."

"नाक कापलं तुमी माझं." तो ओरडला नाही, हे जास्त लागलं. त्याच्या आवाजात खरंच दुखावल्यासारखं काहीतरी होतं. पोराच्या उत्साहानं त्यानं हे केलं होतं. "द्या त्या धम्मरत्नकडं."

धम्मरत्ननं फोन कानाला लावला, दोनदा 'हो भाऊ' म्हणाला आणि ठेवला. मग त्यानं रणजीतला पाठवलेली डिझाइन स्वतःच्या मोबाइलवरून सगळ्यांसाठी पुसून टाकली, कॉम्प्युटरवरची फाइल तिच्यादेखत उडवली आणि पिवळा पट्टा कटरनं सरळ रेषेत कापून तिच्या हातात दिला. उरलेला चेहरा त्यानं गुंडाळून ठेवला. ऑर्डरचा माल होता, तो रणजीतनं नंतर नेला आणि गोठ्याच्या गळणाऱ्या पत्र्यावर पालथा टाकला.

घरी आल्यावर तिनं बाळाजीला एवढंच सांगितलं, "मिळाली व्हती. आता बहुतेक न्हाई. आन लोकांना न्हाईच मिळाली म्हनायचं. का, ते इचारू नका." बाळाजी कंपनीत प्रेस मशीनवर वीस वर्षं काढलेला माणूस, बोलणं त्याला कमी लागतं आणि ऐकणं त्याहून कमी. त्यानं "बरं" म्हणून ताट पुढे ओढलं. त्या 'बरं'साठी जयमाला त्याची जन्माची ऋणी राहिली.

गावानं मात्र काही राखून ठेवलं नाही. हात दाखवून अवलक्षण, असं म्हणत म्हणत सगळ्यांनी मजा लुटली. पिठाच्या गिरणीत तिचं नाव 'अमेरिकावाली' पडलं. एकीनं ब्लाऊज परत आणला, गळा चुकला म्हणाली आणि वर 'तिकडचा गळा शिवला का काय?' असंही विचारलं. रणजीत समोरून आला तर रस्ता बदलू लागला. जयमाला हसून घ्यायची आणि संध्याकाळी मशीनचं पायडल इतक्या जोरात मारायची की दोरा तुटायचा. अपमान तिला झोंबत होता. झोंबत नव्हता असं म्हणणं खोटं होईल.

पिवळा पट्टा तिनं कापायच्या टेबलाखाली, कापडाच्या चिंध्यांच्या पोत्यात तळाला घातला होता. जाळायचा म्हटलं तर फ्लेक्स जळताना गावभर वास सुटतो आणि चार जणी येऊन विचारतात, काय जाळते गं.

बारा दिवसांनी सुप्रियाचा फोन आला. समितीनं एक संधी दिली होती. सोमवारपर्यंत उत्तर पुन्हा लिहायचं. बाईची गोष्ट लिहायची तर तिच्या संमतीनं, नाहीतर लिहायचीच नाही. जयमालाला दुसरं काहीही लिहिता आलं असतं. पण फ्लेक्सच्या त्या गुरुवारपासून तिला जे टोचत होतं ते अर्जाचं नव्हतंच. संस्कृतीला अजून काहीच माहीत नव्हतं. ती दळणाला जाता-येता दुकानात डोकावून हसत होती, आणि ते हसणं जयमालाला सोसवत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी कौशल्याबाई सुनेला घेऊन आल्या. भाचीच्या बारशासाठी ब्लाऊज शिवायचा होता.

"काय गं जयमाला," त्या स्टुलावर टेकत म्हणाल्या, "आमच्या ह्यांची शाल वाया घालवलीस की. नव्वी शाल." बोलण्यात टोमणा होता, पण थोडी कीवही होती. "जाऊ दे. बायांना कोन देतंय फुकट? चल, हिचं माप घे."

पडद्याच्या आत संस्कृतीनं हात वर केले. जयमालानं टेप तिच्याभोवती घातली आणि तशीच धरून ठेवली. बाहेर चार हातांवर सासू बसलेली. बोलायचं तर आत्ताच, आणि श्वासाच्या आवाजात.

"संस्कृती, मी तुझ्याबद्दल लिवलं व्हतं. त्या फेलोशिपच्या कागदात. तुला इचारलं न्हाई. ते वेशीवर लागनार व्हतं."

संस्कृतीचे हात खाली आले. जयमालानं खाली वाकून पडद्याखालून हात घातला, टेबलाखालचं पोतं ओढलं आणि पिवळी घडी तिच्या हातात दिली. संस्कृती एकेक घडी उलगडत वाचत गेली. आधी तिचे कान लाल झाले, मग ओठ पांढरे पडले. बाहेर कौशल्याबाई मोबाइलवर कुणाचं तरी लग्न बघत होत्या, सनईचा आवाज येत होता.

"मला का न्हाई इचारलं?"

"चुकले."

"तुमीच सांगितलं व्हतं मला. दवाखान्यात तुमाला न इचारता तांबी बसवली ते. त्या दिवशी म्हनला व्हता, इचारलं असतं तर कदाचित मी हो बी म्हनले असते."

 जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. इतकी वर्षं जो राग ती दुसऱ्यांवर धरून होती, तो आज फिरून तिच्याच दारात आला होता.

संस्कृतीनं पुन्हा घडी उलगडली. आता ती वाचत नव्हती, शोधत होती. तिनं फळीवरचा मापाचा खडू उचलला आणि एका ओळीवर आडवी रेघ मारली. 'मी तिला दवाखान्यात नेलं.'

"हे खोटं हाय, काकी," ती कुजबुजली. "तुमी न्हाई नेलं मला. तीन गुरुवार मी हितं येऊन परत गेले. चौथ्याला मी बोलले. दवाखाना मी शोधला, तारीख मी घेतली. तुमाला तर पिंपरीत रस्ता बी सापडत नव्हता, रिक्षावाल्याला मीच सांगत व्हते." तिनं खडू ठेवला. "तुमी सोबत व्हता. लई मोठी सोबत व्हती ती. पन गेले मी व्हते."

"अगं किती येळ?" बाहेरून कौशल्याबाई म्हणाल्या. "एका ब्लाऊजचं माप न्हवं?"

"झालंच, आई," संस्कृती म्हणाली आणि तिनं पुन्हा दोन्ही हात वर केले. जयमालानं टेप पुन्हा घातली. छाती चौतीस, कंबर एकोणतीस. तिनं दोनदा मोजलं.

रविवारी तिनं उत्तर लिहिलं. अर्जात दोनशे शब्दांची जागा होती, तिनं दोनच ओळी लिहिल्या. 'गावातली एक बाई माझ्याकडे आली आणि तिनं ठरवलेल्या ठिकाणी मी तिच्यासोबत गेले. ती कोण, कुठली, हे मी लिहिणार नाही.' सुप्रियानं ते वाचून फोन केला नाही, तसंच पुढे पाठवलं.

फेलोशिप मिळाली. मोराईवाडीत ते अजून कुणाला माहीत नाही. जयमाला दर दोन महिन्यांनी शिलाईच्या ट्रेनिंगला जाते, एवढंच लोकांना ठाऊक आहे. रणजीत आता बोलतो, पण कुणाच्या बारशाचा फ्लेक्स लावताना हमखास म्हणतो, आमच्या वहिनीचा तेवढा राहिला. पडद्याच्या जागी दार बसलं. धम्मरत्ननं कायद्याचा मजकूर छापला आणि तो पिंपरीपासून देहूरोडपर्यंत पाच-सहा ठिकाणी लागला, त्यावर कुणाचाच फोटो नाही.

ही गोष्ट सांगण्याआधी संस्कृतीला विचारलं होतं. तिनं दोन दिवस विचार केला, काही गोष्टी बदलायला लावल्या आणि स्वतःसाठी संस्कृती हे नाव सुचवलं. गावाचं नाव मोराईवाडी नाही, आणि ब्लाऊज अकरा नव्हते.